बघण्यासाठी ठेवलेलं सरपण

एंब्रेट साग्बाकनच्या अंगणातली लाकडांची चवड बघायला लोक गाड्या थांबवायचे. हे एंब्रेट स्वतः कधी कुणाला सांगत नसे. कोणी थांबलं की तो फक्त झाडू घेऊन बाहेर यायचा आणि जिथे झाडण्यासारखं काहीही नाही तिथे झाडत राहायचा. गाडीतल्यानं काच खाली करून "तुझीच का रे ही?" असं विचारलं, की आपल्या अंगणात हे काय आहे ते आत्ताच कळल्यासारखा चवडीकडे वळून बघायचा आणि म्हणायचा, "हो. लाकडं आहेत."

लाकडं म्हणे! बर्चची, हातभर लांब, सगळी एका मापाची, गोल घुमटासारखी रचलेली, उंचीला दीड पुरुष. प्रत्येक लाकडाची पांढरी साल वरच्या अंगाला. कुठे फट नाही, कुठे पोट सुटलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या खोऱ्यातल्या साप्ताहिकानं सर्वांत देखण्या चवडीची स्पर्धा घेतली, तेव्हा तीन परीक्षक बर्गसेट गावात आले होते. त्यांनी चवडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. एकानं ओळंबा धरला. दुसऱ्यानं दोन लाकडं एकमेकांवर आपटून कान लावला, कारण वाळलेलं बर्च खणखणतं आणि ओलं नुसतं थप्प करतं. तिसऱ्यानं कॉफी प्यायली. आणि एंब्रेटचा पहिला नंबर आला. रस्त्यापलीकडच्या सिवरचा दुसरा.

एंब्रेटचं वय तेव्हा एकाहत्तर होतं, आणि आयुष्यात पहिला नंबर येण्याची ही त्याची पहिलीच वेळ. शाळेत स्कीच्या शर्यतीत तो नेमानं अकरावा यायचा; बारावा यायचा तो मुलगा चष्मा घरी विसरलेला असायचा. लग्नाच्या फोटोत तो अर्धाच आला, कारण फोटोग्राफरला ओडनीचा झगा पूर्ण घ्यायचा होता. चाळीस वर्षं त्यानं जंगलात झाडं पाडली. निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या घड्याळावर भलत्याच माणसाचं नाव कोरलेलं निघालं. एंब्रेटनं ते परत केलं नाही. घड्याळ वेळ बरोबर दाखवत होतं, आणि त्या भलत्या माणसालाही कुठेतरी एंब्रेटचं घड्याळ मिळालं असेल, मग तक्रार कशाला, असं त्याचं म्हणणं. अशा माणसाचा फोटो साप्ताहिकात छापून आला, पानभर, रंगीत, आणि तोही पूर्ण. मग त्याचं डोकं थोडं फिरलं तर त्यात नवल ते काय?

डोकं फिरलं म्हणजे काय झालं, तर त्या दिवसापासून चवडीतलं एक लाकूडही हललं नाही.

आता आमच्याकडे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घरातली काचेच्या दाराची लोखंडी शेगडी पेटती ठेवावी लागते, आणि शेगडीला पहिला नंबर वगैरे कळत नाही. तिला लाकूड लागतं. तेव्हा एंब्रेटनं काय केलं? गोठ्यामागच्या उतारावरची झाडं सप्टेंबरात पाडायची, तिथेच फोडायची, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बेतानं गोठ्यामागे टाकायची आणि महिन्याभरात घरात आणून जाळायची. दोन उन्हाळे खाल्लेलं, खडखडीत वाळलेलं सरपण अंगणात मिरवत उभं, आणि शेगडीत जातंय पिळलं तर पाणी निघेल असलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा सगळा संसार.

ओलं लाकूड शेगडीत घातलं की ते आधी रुसतं, मग फुसफुसतं, मग दोन्ही टोकांनी फेस काढतं, आणि जळायचं सगळ्यांत शेवटी बघतं. त्यातून एंब्रेट हाडाचा काटकसरी. कष्टानं पेटलेलं लाकूड लवकर संपू नये म्हणून तो शेगडीची हवेची झडप जवळजवळ बंद करून टाकायचा. मग धूर बिचारा गारठलेल्या धुराड्यातून रांगत रांगत वर निघायचा, आणि त्यातला निम्मा वाटेतच दमून भिंतींना चिकटून बसायचा. दोन हिवाळे हे चाललं. शेगडीची काच काळी झाली. घरात खारवलेल्या मासळीसारखा वास मुरला. झोपायच्या खोलीत धुराड्याच्या बाजूच्या भिंतीवर एक तपकिरी डाग उमटला आणि वाढत चालला.

"स्वीडनचा नकाशा दिसतोय," एंब्रेट म्हणाला.

"मला तर घर जळायच्या आधीची नोटीस दिसतेय," ओडनी म्हणाली. ती एकावर एक दोन स्वेटर घालून बसली होती आणि त्यावर शाल. "अंगणात एवढं सोन्यासारखं सरपण आहे. त्यातली दोन लाकडं आण ना रे."

"खालून काढली तर कोसळेल."

"मग वरून काढ."

"वरून काढली तर घुमट बसका दिसेल."

"एंब्रेट, मी बसकी झालेय थंडीनं. ते दिसतंय का तुला?"

"अजून एक लाकूड टाकतो," असं म्हणून एंब्रेटनं गोठ्यामागचं एक लाकूड शेगडीत टाकलं आणि आहे ती धगही विझवली.

नोव्हेंबरात नगरपालिकेची धुराडेवाली आली. तुरी तिचं नाव, वय तीसच्या आतबाहेर, अंगानं काटक, आणि बोलणं ब्रशासारखं सरळ वरून खाली. छपरावर चढली, धुराड्यात ब्रश सोडला, आणि ब्रश अडकला. मग माळ्यावर गेली, तळघरात गेली, आरसा धरून वर बघितलं, आणि स्वयंपाकघरात येऊन टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मूठभर काळे तुकडे ठेवले. काचेसारखे चकचकीत.

"सुंदर आहेत," ओडनी म्हणाली.

"सुंदर आहेत आणि पेट घेतात," तुरी म्हणाली. "काजळी असती तर ब्रशानं निघाली असती. हे डांबर आहे. यंत्र आणून, साखळ्या फिरवून खरवडावं लागेल. त्या माणसाला तीन आठवडे सवड नाही. शिवाय माळ्यावर विटांमध्ये चीर गेलीये, केसाएवढी, पण चीर ती चीर. एंब्रेट, तू जाळतोस तरी काय?"

"लाकडं."

"ते मला वाटलंच होतं. कुठली?"

आणि तुरीनं खिडकीतून चवडीकडे बघितलं. एंब्रेटनंही बघितलं. त्या एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं, की इकडे आड आणि तिकडे विहीर. चवडीतली जाळतो म्हणावं, तर चवड ओली ठरते. तुरीच्या पट्ट्याला ओल मोजायचं यंत्र लटकत होतं, ती लगेच जाऊन खुपसणार, आणि पहिल्या नंबराच्या अंगात खिळे टोचले जाणार. चवडीतली नाही जाळत म्हणावं, तर वाळलेलं बघायला ठेवून ओलं जाळणारा माणूस म्हणून आपली खोरंभर वरात निघणार. एंब्रेट आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता, त्यामुळे सवय नव्हती. सवय असती तर काहीतरी बरं सुचलं असतं.

"सिवरकडून घेतो," तो म्हणाला.

ओडनीच्या हातातली कॉफीची किटली जागच्या जागी थांबली.

"सिवर ओली लाकडं विकतो?" तुरीच्या भुवया टोपीत गेल्या. "सिवर? आमच्या अग्निशमन दलाचा?"

"नेहमी नसेल," एंब्रेट म्हणाला. "मला दिली."

"यंत्रवाल्याबरोबर मी येईनच. तेव्हा सिवरची लाकडंही मोजून बघते," तुरी तुकडे गोळा करत म्हणाली. "तोवर बेतानं जाळायचं. वाळलेलं लाकूड, लहान जाळ, हवा पूर्ण उघडी."

"आणि आग लागली तर?" ओडनीनं विचारलं.

"तर तू मला शोधत बसू नकोस. आवाज माझ्यापर्यंत येईल."

तुरी गेली आणि ओडनी नवऱ्यासमोर उभी राहिली. "सिवर? ज्यानं मागच्या हिवाळ्यात आपल्या दारातला बर्फ सतरा वेळा ओढला, तो सिवर?"

"अचानक तोंडाशी आलं."

"तोंडाशी खरं का आलं नाही रे तुझ्या?"

एंब्रेटनं झाडू उचलला. तो बाहेर गेला आणि झाडू लागला.

बातमी संध्याकाळपर्यंत दुकानात पोचली. सिवर फावल्या वेळात सरपण विकायचा. त्या आठवड्यात दोघांनी त्याच्या गोण्या उघडून नाकाला लावून बघितल्या. सिवर काय म्हणाला? काहीच नाही. तो ट्रॅक्टरवरून जाताना एंब्रेटला रोजच्यासारखाच हात करायचा, आणि ते एंब्रेटला भांडणापेक्षा वाईट वाटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे त्याला म्हातारपणी कळलं. हात वर करताना सिवरचं अंगठ्याजवळचं बोट जरा वाकडं होतं का? त्या वाकड्या बोटावर त्यानं दोन दिवस काढले.

शेवटी त्यानं ठरवलं, की यंत्रवाला येण्याआधी धुराडं आपणच स्वच्छ करायचं. धुराडं स्वच्छ असेल तर यंत्र कशाला, तुरी कशाला, आणि सिवरच्या लाकडांची मोजणी तरी कशाला? आमच्याकडची जुनी माणसं सांगायची, की शेगडीत बटाट्याची सालं जाळली की काजळी सुटते. एंब्रेटनं त्यावर विश्वास ठेवला.

"आज बटाटे करूया," तो सोमवारी म्हणाला. "मी सोलतो."

ओडनीनं चष्म्यावरून बघितलं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं सोलायची सुरी हातात धरली नव्हती. मंगळवारी तो पुन्हा म्हणाला, "बटाटे करूया. मी सोलतो." बुधवारी त्यानं तीन किलो सोलले. जेवायला माणसं दोन. गुरुवारी उकडलेले, शुक्रवारी किसून गोळे, शनिवारी तेच गोळे तळून. दुसऱ्या आठवड्यात ओडनीनं हामारच्या बहिणीला फोन लावला आणि दार लोटून घेतलं.

"स्वयंपाकघरात मदत करतोय," ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं बाई," पलीकडून बहीण म्हणाली. "डॉक्टरला दाखवलंस का?"

"प्रेमळपणा असेल असं आधी वाटलं मला."

"एंब्रेट? तू डॉक्टरलाच दाखव."

त्या दुपारी ओडनी गोठ्याकडून परत आली, तर एंब्रेट शेगडीसमोर गुडघ्यांवर बसून सालांची परडी आत उलटी करत होता. ओली लाकडं, वर ओली सालं. शेगडीतून असा धूर निघत होता की आत कुणीतरी मोजे उकळतंय.

तिनं त्याच्या हातातली परडी काढून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे दोन आठवडे मी बटाटे खाल्ले ते धुराड्याच्या औषधापायी?"

"सालं वाया जाऊ नयेत म्हणून—"

"एंब्रेट, ऐक. मी सोमवारी हामारला जातेय बहिणीकडे. घर गरम झालं की कळव. नाही झालं तर नको कळवूस."

ती हे ओरडून म्हणाली असती तर एंब्रेटला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली आणि कपाटावरची बॅग खाली काढायला गेली. तिच्या चालण्यातही थंडी शिरली होती, एकेक पाऊल आखडून टाकत होती, आणि ते एंब्रेटला दिसलं. आता कोणी म्हणेल, मग चवडीतली चार लाकडं आणायची होती. आणायचीच होती. पण एकाहत्तर वर्षांनंतर मिळालेली गोष्ट हातानं मोडायची म्हणजे काय, ते लहानपणापासून पहिले येणाऱ्यांना कळायचं नाही.

जुन्या माणसांचा दुसरा एक उपाय होता. पावसापाण्याचा, बर्फाचा दिवस बघून धुराड्यात मुद्दाम मोठा जाळ सोडायचा आणि सगळं डांबर एकदम जाळून मोकळं व्हायचं. जुनी माणसं आणखीही पुष्कळ काय काय करायची, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची घरं आता नाहीत. पण एंब्रेटला उपाय तेवढा आठवला, घरं आठवली नाहीत.

रविवारी ओडनी चर्चला गेली. बाहेर उणे सव्वीस, छपरावर हातभर बर्फ. एंब्रेटनं तयारी केली: अंड्यांचे रिकामे पुठ्ठे, सफरचंदाच्या दोन पेट्या, गेल्या नाताळचे चुरगळलेले कागद, स्प्रूसच्या झाडाच्या वाळक्या फांद्या, मोडक्या स्कीची एक जोडी. चवडीतलं एकही नाही. या वेळी त्यानं हवा पूर्ण उघडली आणि काडी लावली.

पहिली पाच मिनिटं फार छान गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच खोली उबदार झाली. एंब्रेटनं कोटाचं बटण काढलं. मग भिंतीतून हूं असा आवाज आला. मग तो वाढला. मग घरातून मालगाडी चालल्यासारखा वाढला, कपाटातल्या बश्या थरथरू लागल्या, आणि झोपायच्या खोलीतल्या स्वीडनमधून धूर यायला लागला.

त्यानं हवा बंद केली. तेवढं एक शहाणपण केलं. मग माळ्यावर चढला. विटांमधली केसाएवढी चीर आता बोटाएवढी झाली होती आणि तिच्या आत लाल दिसत होतं. एंब्रेट जंगलात पडत्या झाडाखालून तीनदा वाचला होता. तेव्हा त्याला भीती वाटली नव्हती, आता वाटली. तो खाली आला आणि आगीचा फोन लावला.

"इथे जरा आवाज येतोय," तो म्हणाला.

"कसला आवाज? आग लागलीये का?" फोनवरच्या बाईनं विचारलं.

"शेगडीत आहे."

"शेगडीत आग असणारच. शेगडीबाहेर आहे का?"

एंब्रेटनं खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. धुराड्यातून पुरुषभर उंच ज्वाळा निघत होती आणि ठिणग्या बर्फावर पडत होत्या.

"थोडी वरून सांडतेय," तो म्हणाला. "घाई नाही, पण कोणी रिकामं असेल तर या म्हणावं."

रिकामं कोणीच नव्हतं, सगळे चर्चमध्ये होते. आमच्या गावचं अग्निशमन दल म्हणजे सहा माणसं, आणि ती सहाच्या सहा चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गातात. स्तोत्राच्या तिसऱ्या कडव्यात सहा खिशांतली यंत्रं एकदम किंचाळली, सहाही जण उठले, आणि उरलेलं स्तोत्र बायकांनी उंच पट्टीत कसंबसं तडीला नेलं. सिवर दारातून जाता जाता ओडनीच्या बाकाशी वाकला आणि म्हणाला, "तुझंच घर. चल गाडीत बस."

बंब आला तो शिडीवाला. त्याला घराच्या धुराड्याच्या बाजूला, अगदी भिंतीला लागून उभं राहायचं होतं. आणि तिथे, रस्त्यावरून नीट दिसावी अशा जागी, चवड उभी होती.

सिवर गाडीतून उतरला. एकोणसाठीचा धिप्पाड माणूस, दलातला सगळ्यांत जुना, अंगात आगीचा कोट आणि गळ्यात गायकवृंदाचा टाय. त्यानं चवडीकडे बघितलं, छपराकडे बघितलं, मग एंब्रेटकडे.

"शिडी लागल्याशिवाय वरून साखळी सोडता येणार नाही," तो म्हणाला. "पाणी ओतलं तर धुराडं फुटेल. गाडी इथेच लागते."

"मागून नाही का?"

"मागे उतार आहे, त्यावर बर्फ. गाडी सरळ नदीत जाईल."

"मग?"

"मग तू सांग. मी हात लावणार नाही. उद्या लोक म्हणतील, दुसऱ्या नंबरानं पहिल्याचा काटा काढला."

वर ज्वाळा फडफडली. ओडनी गाडीतून उतरून एंब्रेटच्या शेजारी येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं हातमोज्यातल्या हातानं त्याची बाही धरली.

"मला घर पाहिजे, एंब्रेट," ती म्हणाली.

एंब्रेट चवडीपाशी गेला आणि सगळ्यांत खालच्या ओळीतलं एक लाकूड ओढून काढलं. काहीच झालं नाही. त्यानं दुसरं काढलं. तिसरं. चवड उभीच. त्यानं खांदा लावून ढकललं. घुमट हूं की चूं करेना. मग सिवर आला, मग त्याच्या खालच्या पट्टीतले चौघे आले, सगळ्यांनी एकदम जोर लावला, आणि चवडीनं वरून एक लाकूड सिवरच्या शिरस्त्राणावर टाकलं, बस्स.

"काय रचलीयेस रे ही! सिमेंट घातलंयस का?" सिवर ओरडला.

घर पेटलेलं असताना एंब्रेटला क्षणभर बरं वाटलं. हे त्यानं पुढे कबूलही केलं. मग तो बाजूला झाला, गाडीच्या चालकाकडे बघून हात हलवला आणि म्हणाला, "घाल गाडी." बंबानं चवडीला नाक लावलं आणि ढकललं. दोन वर्षं, तीन परीक्षक आणि पानभर फोटो अंगणभर घरंगळत गेले. बर्चची वाळलेली लाकडं गोठलेल्या जमिनीवर पडताना इतकी खणखणली की रस्त्यावर जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "काय नाद आहे!"

पुढचं तासाभरात उरकलं. सिवर शिडीवर चढला, धुराड्यात साखळी सोडली, वरून खाली घासत गेला. जळतं डांबर खाली पडत होतं आणि तळघरातले दोघे ते लोखंडी बादल्यांत भरून बर्फावर ओतत होते. माळ्यावर एक जण चिरेजवळ पंप धरून बसला होता. घर वाचलं. धुराडं वाचलं नाही. माळ्यापासून छपरापर्यंत उभं तडकलं होतं.

तुरीही पोचली होती. आवाज खरोखरच तिच्यापर्यंत गेला होता. तिनं वर जाऊन बघितलं, खाली आली, आणि अंगणात बंबाच्या पायरीवर कागद ठेवून लिहायला लागली. "धुराडं बंद. आतून पोलादी नळी बसवेपर्यंत शेगडी पेटवायची नाही. पेटवलीस तर मीच तुला पोलिसात देईन. आता हे सांग, कारण इथे लिहावं लागतं. जळण कुठलं होतं? सिवरकडचं?"

अंगणात सहा गायक होते, ओडनी होती, रस्त्यावर चर्चमधून आलेलं निम्मं गाव होतं. सिवर तोंडावरची काजळी पुसत उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

आयुष्यात इतक्या माणसांनी एंब्रेटकडे एकदम कधी बघितलं नव्हतं. परीक्षक आले होते तेव्हासुद्धा नाही.

"सिवरकडचं नव्हतं," तो म्हणाला. "सिवरकडून मी एक काटकीसुद्धा घेतली नाही. गोठ्यामागचं होतं. माझं. सप्टेंबरात तोडलेलं, ओलं. वाळलेलं हे होतं." त्यानं अंगणभर पसरलेल्या लाकडांकडे हात केला. "हे मी बघायला ठेवलं होतं. आणि हिला थंडीत ठेवलं. आणि तुझ्यावर आळ घेतला, सिवर. मला लाज वाटते."

एंब्रेटच्या तोंडून एका दमात एवढे शब्द खोऱ्यानं कधी ऐकले नव्हते. तुरीचं पेन थांबलं.

"माहीत होतं," सिवर म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सगळं. अरे, तुझा धूर दोन वर्षं माझ्या अंगणात येतोय. पिवळा. जमिनीवर लोळणारा. वाळल्या बर्चचा धूर असा असतो होय? आख्ख्या खोऱ्याला माहीत आहे, एंब्रेट कच्चं जाळतो."

रस्त्यावरचे लोक माना डोलवू लागले. दुकानवाली म्हणाली की तिनं धुवायचे पडदे त्यापायीच मागच्या बाजूला वाळत घालायला सुरुवात केली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि धुराड्यावर तर टोपलीही ठेवता येत नाही.

"मग तू बोलला का नाहीस?" एंब्रेटनं विचारलं.

"मला वाटलं, बोलशील तू कधीतरी. तू हळू बोलतोस, हे ठाऊक आहे मला." सिवरनं शिरस्त्राण काढलं. "गोण्या हुंगणाऱ्यांचा मात्र राग आला होता. आता चला, इथे उभे राहून गोठाल. माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. नळी बसेपर्यंत राहा. आणि ओडनी, हामारला नको जाऊस; तुझी बहीण पहाटेपासून गात बसते, असं गाडीत तूच म्हणालीस."

ओडनी अंगणात वाकली आणि लाकडं उचलायला लागली. डाव्या हातावर सहा, त्यावर आणखी तीन, हनुवटीनं दाबून धरलेली. तशीच भरल्या हातांनी ती रस्ता ओलांडून सिवरच्या घराकडे चालू लागली. एंब्रेटनं बघितलं, थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानंही एक भार उचलला आणि मागोमाग गेला.

सिवरच्या बैठकीतली शेगडी लहान होती आणि तिची काच स्वच्छ होती. सिवरनं त्यात तीन लाकडं घातली. काडी लावली तशी साल तडतडली आणि आत पिवळा, स्वच्छ, उंच जाळ उभा राहिला. फुसफुस नाही, फेस नाही. एंब्रेटनं ही लाकडं पाडली होती, फोडली होती, मोजली होती, रचली होती. जळताना मात्र तो त्यांना पहिल्यांदाच बघत होता.

"चांगली जळतात," सिवर म्हणाला.

"हं," एंब्रेट म्हणाला.

ओडनी शेगडीजवळच्या खुर्चीत बसली होती. थोड्या वेळानं तिनं शाल काढली. मग वरचा स्वेटर काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. मग दुसराही. दोन हिवाळ्यांत एंब्रेटनं तिचे दंड पाहिले नव्हते. ती केवढी बारीक झाली होती! पाय जाळाकडे लांब करून, डोकं मागे टेकून, बोलता बोलता मध्येच ती झोपली, आणि तिच्या गालांवर लाली चढत गेली. एंब्रेट तिच्याकडे बघत बसला. त्याला रडू येईलसं वाटलं, म्हणून तो उठला, आणखी दोन लाकडं घेऊन शेगडीचं दार उघडलं.

"पुरे की रे," सिवर हळूच म्हणाला. "अजून आधीची जळायचीत."

"असू दे," एंब्रेट म्हणाला आणि दोन्ही आत ठेवली. "भरपूर आहेत."